भिंतीवरचा इतिहास : एमरी डग्लस यांची भित्तिपत्रके

आपल्या शाळांत ‘भित्तिपत्रक’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. व्हरांड्यातल्या फलकावर दर महिन्याला लागणारे विद्यार्थ्यांचे हस्तलिखित हा एक अर्थ. रस्त्याकडेच्या भिंतीवर खळ लावून डकवलेले, जाणाऱ्यायेणाऱ्याला क्षणभर थांबवणारे छापील चित्र हा दुसरा. पहिल्याची आपण काळजी घेतो, त्याच्या स्पर्धा भरवतो, बक्षिसे देतो. दुसऱ्याकडे इतिहासाच्या अभ्यासक्रमाने फारसे लक्ष दिलेले नाही. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी ही साधने म्हणून मी वर्षानुवर्षे शिकवत आले. पण ज्यांच्या नावाने कोणी ताम्रपट कोरला नाही, त्यांचा इतिहास कशावर लिहिला गेला, हा प्रश्न आमच्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकांना टाळता येत नाही. जलशातली गाणी, सभेची हस्तपत्रके, निवडणुकीत रंगवलेल्या भिंती आणि दोन पावसाळ्यांत विरून जाणारी भित्तिपत्रके ही त्यांची साधने होत. ती टिकत नाहीत, म्हणून ती साधने नव्हेत असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने अशाच एका भित्तिपत्रककाराविषयी लिहावे असे वाटले. त्याचे नाव एमरी डग्लस. तो अमेरिकेतला, कृष्णवर्णीय समाजातला. पण त्याच्या कामाचा धागा आपल्या महाराष्ट्रातल्या एका लढाऊ नावाशी जोडलेला आहे.

एमरी डग्लस यांचा जन्म २४ मे १९४३ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे झाला. लहानपणी त्यांना दम्याचा विकार होता. आईसह ते कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को शहरी आले आणि तेथेच वाढले. किशोरवयात कायद्याच्या कचाट्यात सापडल्याने त्यांना ओंटारियो येथील मुलांच्या सुधारगृहात पाठवण्यात आले. सुधारगृहात छापखाना होता आणि त्या छापखान्यात त्यांना काम मिळाले. अक्षरांचे वळण, मजकुराची मांडणी, कागदाचे माप, शाईचा दाब यांच्याशी त्यांची पहिली ओळख तिथे झाली. शिक्षा भोगण्याच्या जागी हाती आलेले कसब पुढे त्यांच्या आयुष्याचे साधन झाले. बाहेर आल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजमध्ये त्यांनी व्यावसायिक कलेचे, म्हणजे ज्याला आपण आज उपयोजित कला म्हणतो त्याचे, शिक्षण घेतले. जाहिरातीसाठी दिले जाणारे ते शिक्षण होते. साबण खपवण्यासाठी नजर कशी खेचावी, हे त्यात शिकवले जाते. डग्लस यांनी ती विद्या दुसऱ्याच कामाला लावली.

ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना केली. काम, घर, शिक्षण आणि पोलिसी अत्याचारापासून मुक्ती या मागण्यांचा दहाकलमी कार्यक्रम त्यांनी मांडला. १९६७ च्या सुरुवातीला माल्कम एक्स यांच्या पत्नी बेटी शबाझ यांच्या भेटीच्या तयारीत भित्तिपत्रकाचे काम डग्लस यांच्याकडे आले आणि त्या निमित्ताने त्यांची या दोघांशी गाठ पडली. पुढे बॉबी सील पक्षाच्या वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाची जुळवाजुळव करीत असताना डग्लस यांनी ते पाहिले, आपल्याला हे काम येते असे सांगितले आणि घरी जाऊन आपले सामान घेऊन आले. तो अंक २५ एप्रिल १९६७ चा. टंकलेखन यंत्रावर उतरवलेली अवघी चार पाने. त्याचा विषय होता डेन्झिल डॉवेल या बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसांच्या गोळीने झालेला मृत्यू. त्यानंतर ‘द ब्लॅक पँथर’ या वृत्तपत्राची मांडणी आणि चित्रे डग्लस यांच्याकडे आली. पक्षाने त्यांना आधी क्रांतिकारी कलावंत आणि पुढे सांस्कृतिक मंत्री असे पद दिले. त्या वेळी त्यांचे वय चोवीस वर्षांच्या आसपास होते.

या वृत्तपत्राची किंमत पंचवीस सेंट होती. पक्षाचे तरुण कार्यकर्ते ते रस्त्यावर उभे राहून विकत. भरभराटीच्या काळात आठवड्याला एक लाखाहून अधिक प्रती खपत. पण डग्लस यांची खरी युक्ती शेवटच्या पानावर होती. अंकाचे ते पान बहुधा संपूर्ण भित्तिपत्रक म्हणून रचलेले असे. वाचून झाले की ते वेगळे करावे आणि घरात किंवा दुकानात लावावे. काही भित्तिपत्रके स्वतंत्रपणेही छापली जात आणि वस्तीतल्या भिंतींवर, कुंपणांवर खळीने डकवली जात. म्हणजे ज्याने अंक विकत घेतला नाही, त्याच्यापर्यंतही चित्र पोहोचत असे. आपल्या समाजातील अनेकांना वाचनाची सवय नाही, ते पाहून आणि निरीक्षणाने शिकतात, ही भूमिका डग्लस यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिला अक्षरओळख नव्हती. पण आमच्या घराच्या कुडाच्या भिंतीवर दिनदर्शिकेतून कापून लावलेले बाबासाहेबांचे चित्र होते. अंगात निळा कोट, काखेत ग्रंथ आणि उंचावलेले बोट. आजी त्या चित्राकडे पाहून आम्हा भावंडांना सांगायची, “बोट कुणीकडं दावतंय ते बघा. चुलीकडं दावतंय का? शाळंकडं दावतंय.” त्या चित्रात शाळा कुठेच नव्हती. आजीने ती स्वतः पाहिली होती. चांगल्या भित्तिपत्रकाचे हेच सामर्थ्य आहे. अर्धे चित्र कागदावर असते आणि उरलेले अर्धे पाहणाऱ्याच्या मनात पुरे होते. डग्लस यांच्या वस्तीतल्या आजीबाईंच्या मनात काय पुरे होत असेल, याची मला त्यामुळेच थोडीफार कल्पना करता येते.

त्यांच्या तंत्राविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे चित्रकलेची चर्चा बहुधा प्रतिभेच्या शब्दांत होते, कामाच्या शब्दांत होत नाही. पक्षाकडे पैसा नव्हता. बहुरंगी छपाई परवडत नसे. म्हणून काळा आणि त्याच्या जोडीला एखादाच रंग, एवढ्यावर पुष्कळ पाने निघत. या अडचणीतून त्यांची शैली घडली. ठळक, जाड काळी बाह्यरेषा, लाकडी ठशाच्या छापासारखी. आणि आत सावलीसाठी दुकानात मिळणाऱ्या तयार ठिपक्यांच्या व रेघांच्या पारदर्शक पट्ट्या कापून चिकटवलेल्या. त्यात कधी छायाचित्राचे तुकडे मिसळलेले. दूरवरून दिसावे, स्वस्त यंत्रावर छापले तरी बिघडू नये आणि आठवड्याच्या मुदतीत पुरे व्हावे, अशी ही कामाची पद्धत होती. दर आठवड्याला अंक निघायचाच, त्यामुळे स्फूर्तीची वाट पाहण्याची सोय नव्हती.

चित्रांचा विषय कोणता? सुरुवातीच्या काळात त्यांनी पोलिसांना डुकराच्या रूपात उभे केले. दोन पायांवर उभा, गणवेश घातलेला, बिल्ला लावलेला, भोवती माश्या घोंघावणारा. ज्या वस्तीत पोलिसाच्या नजरेला नजर देणेही धोक्याचे होते, त्या वस्तीने त्या चित्राकडे पाहून हसायला सुरुवात केली. भीतीचा काही भाग हसण्याने उतरतो, हे जलसाकारांनाही ठाऊक होते. पण डग्लस यांच्या चित्रांत केवळ शत्रू नाही. उंदरांनी भरलेल्या भाड्याच्या खोल्यांतले आईबाप, डोक्याला रुमाल बांधलेल्या कष्टकरी बाया, फाटक्या बुटातली मुले त्यांनी मोठ्या आकारात, चित्राच्या मध्यभागी काढली. त्या समाजाच्या जाहिरातींत आणि चित्रपटांत ही माणसे एक तर नोकर असत किंवा विनोदी पात्रे. डग्लस यांनी त्यांना नायक केले. गरिबी दाखवताना त्यांनी दया मागितली नाही. त्या बायांचे डोळे खाली झुकलेले नसतात.

आता एक अवघड भाग. त्या चित्रांपैकी अनेकांत बंदुका आहेत. एका हातावर मूल आणि दुसऱ्या हाती बंदूक घेतलेली आई तर विख्यातच आहे. आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला मी ही चित्रे दाखवली तेव्हा पहिल्याच बाकावरच्या मुलाने विचारले, “मॅडम, आपण रोज सकाळी पंचशील म्हणतो. मग हे चित्र आपल्या वर्गात चालतं का?” प्रश्न रास्त होता आणि त्याला बगल देणे मला शक्य नव्हते. मी मुलांना सांगितले की इतिहासाच्या साधनाला आपण नमस्कार करीत नाही, त्याला आपण प्रश्न विचारतो. ती बंदूक का आली हे समजून घेण्यासाठी डेन्झिल डॉवेलचा मृत्यू समजून घ्यावा लागतो, आणि त्या काळी कॅलिफोर्नियात उघडपणे शस्त्र बाळगणे कायदेशीर होते हेही लक्षात घ्यावे लागते. पण समजून घेणे म्हणजे अनुसरणे नव्हे. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेब बोलले तेव्हा त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यातला भेद साधनांच्या बाबतीत दाखवला होता. दुःखाचे निदान जवळचे असू शकते, उपचाराचा मार्ग वेगळा असतो. त्या मुलाचे समाधान झाले की नाही, हे मी सांगू शकत नाही. तो म्हणाला, “मग बंदूक काढून टाकली तर हे चित्र पडेल का, मॅडम?” वर्ग गप्प झाला. मी त्यांना तेच करायला सांगितले. वहीत तीच आई काढा आणि तिच्या हाती दुसरे काहीतरी द्या. कोणी पुस्तक दिले, कोणी मतपत्रिका, कोणी पाण्याची कळशी. एकाने हात रिकामाच ठेवला.

योगायोग असा की डग्लस यांची स्वतःची चित्रेही काही वर्षांत त्याच दिशेने गेली. पक्षाने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. पुढे दवाखाने, धान्यवाटप आणि शाळा आली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी चित्रांतली शस्त्रे कमी होत गेली आणि त्यांच्या जागी किराण्याच्या पिशव्या, बूट, पुस्तके आणि मतदानाचे आवाहन दिसू लागले. १९७१ च्या एका भित्तिपत्रकात चष्मा लावलेला एक मुलगा आहे आणि त्याच्या चष्म्याच्या काचांत मुलांची छायाचित्रे आहेत. १९७३ मध्ये बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदाची निवडणूक लढले, त्या काळातील चित्रांत पिशव्या घेऊन निघालेल्या बायांच्या छातीवर प्रचाराचे बिल्ले आहेत. त्याच वर्षापासून पक्षाची ओकलंड कम्युनिटी स्कूल नावाची शाळा नावारूपाला आली. वस्तीतल्या मुलांना भाकरी आणि अक्षर एकाच छताखाली देणाऱ्या त्या शाळेविषयी मी वाचते, तेव्हा आपल्या निवासी शाळेचे स्वयंपाकघर आणि ग्रंथालय एकमेकांना लागून का बांधले गेले, याचा अर्थ मला नव्याने कळतो.

अमेरिकन सरकारची तपास यंत्रणा या पक्षाच्या मागे हात धुऊन लागली होती. नेते तुरुंगात गेले, काही मारले गेले, फूट पडली. वृत्तपत्र १९८० पर्यंत चालले आणि पक्ष १९८२ मध्ये संपला. पण चित्रे तोवर दूरवर गेली होती. क्युबातील ओस्पाआल या संघटनेने डग्लस यांच्या चित्रावरून ऐक्याचे भित्तिपत्रक काढले होते. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुण लेखक-कवींनी दलित पँथर उभारली, तेव्हा तिचे नाव याच ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. एम. ए. ला असताना मी दलित पँथरवर निबंध लिहिला, तेव्हा अमेरिकेतल्या पँथरविषयी जे वाचले ते सगळे शब्दांत होते. चित्रे पाहायला मला पुढे बरीच वर्षे लागली. डग्लस यांच्या चित्रांचे मोठे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मुंबईच्या एका स्नेह्याकडे पाहिले, आणि ज्या चळवळीचा आपण अभ्यास केला तिचा चेहरा आपण पाहिलाच नव्हता, असे वाटून गेले. आमच्याकडच्या पँथरची ताकद कवितेत होती. तिकडच्या पँथरच्या पाठीशी कवितेइतकाच एक कुंचला होता.

पक्ष संपल्यावर डग्लस यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील ‘सन-रिपोर्टर’ या कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्रात अनेक वर्षे काम केले. पुढे जगाने त्यांची दखल घेतली. लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयात २००७ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये २००९ मध्ये त्यांची प्रदर्शने झाली. अमेरिकेतील आरेखनकारांच्या एआयजीए या संस्थेने २०१५ मध्ये त्यांना पदक दिले. कुंपणावर खळीने लागलेला कागद काचेच्या चौकटीत गेला. स्वतः डग्लस मात्र चौकटीत थांबले नाहीत. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात झपाटिस्टा समाजातल्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांबरोबर त्यांनी काम केले. त्या स्त्रियांनी त्यांची चित्रे आपल्या सुईने, आपल्या रंगांत पुन्हा घडवली.

हे सगळे मी लिहिते आहे त्याला एक तातडीचे कारणही आहे. आमच्या शाळेतील दहावीची एक विद्यार्थिनी उत्तम चित्रे काढते. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ती वसतिगृहात राहते. शासकीय रेखाकला परीक्षेत तिने चांगली श्रेणी मिळवली. त्याचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून घरच्यांनी तोवर काही हरकत घेतली नाही. आता तिला पुढे उपयोजित कलेचे शिक्षण घ्यायचे आहे. मागच्या पालकभेटीत तिच्या वडिलांनी मला थेट विचारले, “मॅडम, चित्र काढून पोट भरतं का? नर्सिंगला घालतो म्हणतोय मी.” त्यांच्या तळहातावर कोयत्याने पडलेले घट्टे होते. त्यांच्या प्रश्नात कलेविषयी तुच्छता नव्हती, हिशेब होता. आणि तो हिशेब करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

मी त्यांना एमरी डग्लस यांची पदके सांगितली नाहीत. पदके सर्वांना मिळत नाहीत आणि ज्याला मिळाली त्यालाही ती उतारवयात मिळाली. मी त्यांना एवढेच सांगितले की चित्रकला हा छंद आहे तसा तो धंदाही आहे. पुस्तके, वर्तमानपत्रे, वेष्टने, सरकारी माहितीपत्रके, दवाखान्यातले फलक हे सारे कोणीतरी बसून आखते, आणि त्या कामाचा मोबदला मिळतो. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेसारख्या ठिकाणी ते शिकवले जाते. मग मी त्यांना दुसरीही गोष्ट सांगितली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या माणसाने हे कसब शिकून घेतले नसते, तर त्याच्या लोकांचे चित्र दुसऱ्यांनीच काढले असते, आणि ते कसे काढले असते हे त्यांनी आधी शंभर वर्षे पाहिलेच होते. आपली चित्रे आपण काढायची की नाही, हा प्रश्नही पोटाच्या प्रश्नाइतकाच जुना आहे. ते म्हणाले, “हंगाम संपल्यावर बोलू.” ते बोलणे अजून व्हायचे आहे आणि त्याचा निकाल काय लागेल, हे मला माहीत नाही. निर्णय त्या घराचा आहे. माझे काम माहिती पुढे ठेवण्याचे.

दरम्यान, तालुक्याच्या भित्तिपत्रक स्पर्धेचा विषय ‘स्वच्छता’ असा आला. त्या मुलीने उसाच्या फडात उभी असलेली बाई काढली. डोक्यावर मोळी, कमरेला कोयता, पाठीमागे पाचटाची खोप आणि खोपीच्या दारात एक पाण्याचा डबा. खाली एकच ओळ : ‘इथे नळ कधी येणार?’ काळा आणि हिरवा, एवढेच दोन रंग तिने वापरले. स्पर्धेत ते चित्र विषयाला सोडून आहे असे ठरले. माझ्या मते स्वच्छतेविषयी त्याहून नेमके चित्र त्या दिवशी तिथे नव्हते. परत आल्यावर मुलींनी मैद्याची खळ शिजवली आणि ते वसतिगृहाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लावले. रविवारी भेटीला येणाऱ्या आया जेवायला बसण्याआधी त्यासमोर उभ्या राहतात. बहुतेकींना खालची ओळ वाचता येत नाही. डबा कसला आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगावे लागत नाही.